सुधारलेलं दप्तर, रिकामं सभागृह

लोणी देवकरच्या माणसाला सरकार तीन ठिकाणी भेटतं. गावातली ग्रामपंचायत, इंदापूरची पंचायत समिती आणि पुण्यातली जिल्हा परिषद. जन्माचा दाखला, घराचा नमुना ८ चा उतारा, नळजोड ही कामं गावात होतात. घरकुलाची यादी, विहिरीचं अनुदान, रोजगार हमीची कामं यांसाठी इंदापूर गाठावं लागतं. शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्र, वाडीला जोडणारा रस्ता यांचा निर्णय पुण्यात होतो. मार्च २०२२ मध्ये पंचायत समितीची आणि जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्यानंतर या वरच्या दोन ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य उरला नाही. गटविकास अधिकारी हेच पंचायत समितीचे प्रशासक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हेच जिल्हा परिषदेचे प्रशासक, असा साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला.

याच काळात सरकारी कार्यालयं सुधारण्याचा जोर मात्र कधी नव्हे एवढा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे एकच पद करण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि जानेवारीत १०० दिवसांचा कार्यक्रम आला: संकेतस्थळ अद्ययावत करा, जुनी अडगळ काढा, तक्रारी निकाली काढा, ई-ऑफिस सुरू करा, अभ्यागतांसाठी पाण्याची आणि बसण्याची सोय करा, अधिकाऱ्यांनी गावांना भेटी द्याव्यात. भारतीय गुणवत्ता परिषदेकडून त्याचं मूल्यमापन झालं, १ मे २०२५ ला निकाल लागले आणि पाठोपाठ १५० दिवसांचा पुढचा कार्यक्रम सुरू झाला.

कार्यालय चकाचक होत होतं तेव्हा त्या कार्यालयाला जाब विचारणारी सभागृहं कुलूपबंद होती. या दोन गोष्टींकडे आपण सुट्या सुट्या पाहतो. एकीचं कौतुक करतो, दुसरीबद्दल हळहळतो. मला त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात, आणि लोणी देवकरसारख्या गावातून पाहिलं की ते जास्त नीट दिसतं. महामार्गावरचं गाव, शिवारात ऊस, एका अंगाला उजनी धरणाचा फुगवटा आणि हद्दीत तालुक्याची औद्योगिक वसाहत. अशा गावाचं रोजच एखादं काम सरकारदरबारी अडकलेलं असतं.

कारभार सुधारण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशी आहे. इंदापूरच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयातल्या कागदांना शिस्त लावली. प्रत्येक कारकुनाच्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत विभागायचे: ज्यांवर काम चालू आहे ते, ज्यांच्या उत्तराची वाट आहे ते, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, कायम लागणारे आदेश, अभिलेख कक्षात जायचे आणि नष्ट करायचे. अभिलेखांचेही वर्ग ठरले. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. एवढ्याने नगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत फाईल काही मिनिटांत सापडू लागली आणि ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गेला. त्या दोन-तीन वर्षांत मुख्यमंत्रिपदावरून अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले, ते गेले आणि वसंतदादा पाटील आले. सहा गठ्ठे जागेवर राहिले. ते कोणत्या गटाचे, असं कुणी विचारलं नाही.

पुढे चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना त्यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालवली. आलेल्या कागदाचा त्याच दिवशी निपटारा हा तिचा गाभा होता आणि लखिनांच्या वर्गवारीचा पायाच तिथे कामी आला. २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड अशी त्याची रचना आहे. तो कायदा केलेलं सरकार २०१९ मध्ये गेलं, नंतरचं २०२२ मध्ये गेलं. कायदा टिकला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सेवांची यादी, मुदत आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक आजही लागतो. तो वाचून अपील करणारे थोडे आहेत हे खरं, पण पूर्वी साहेबांच्या मर्जीवर असलेली गोष्ट तिथे हक्क म्हणून लिहिलेली आहे.

कागदाचे नियम असे टिकले. माणसं निवडण्याचे नियम मात्र टिकले नाहीत.

सरपंचाचंच पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने लोकांनी सदस्य निवडायचे आणि सदस्यांनी त्यांच्यातून सरपंच, अशी पद्धत घातली. सुमारे साठ वर्षं ती चालली. जुलै २०१७ मध्ये फडणवीस सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय घेतला. सदस्यांची पळवापळवी आणि सहलीवर नेणं थांबेल, असं त्यामागचं सांगणं होतं. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्णची अट आली. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येणार नाही. मधल्या काळात आणला तर तीन-चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यायला हवी, असं ठरलं. त्या वर्षी ऑक्टोबरपासून तशा निवडणुका झाल्या आणि अनेक गावांत सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं असा पेच पडला. मासिक सभेत ठराव होईना. पण सरपंच पाच वर्षं मान वर करून बोलू शकला, हेही त्याच पद्धतीचं फळ होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीचं सरकार आलं आणि काही आठवड्यांत थेट निवड रद्द करायचं ठरलं. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, म्हणून फेब्रुवारी २०२० च्या अधिवेशनात विधेयक आणून ते करण्यात आलं. मग करोना आला. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक नेमायचे होते. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ नेमण्याचा आदेश निघाला, तो उच्च न्यायालयात अडला आणि अखेर सरकारी अधिकारीच नेमावे लागले. १५ जानेवारी २०२१ ला १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, तेव्हा सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढायची असं नवंच वळण होतं. गावाने मत दिलं तेव्हा गावचा सरपंच कोणत्या प्रवर्गाचा असणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सोडत निघाल्यावर काही गावांत बहुमत मिळवलेल्या पॅनेलकडे त्या प्रवर्गाचा एकही सदस्य निघाला नाही आणि विरोधी पॅनेलमधून एकट्याने निवडून आलेल्याच्या गळ्यात सरपंचपदाची माळ पडली.

जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या सरकारने थेट निवड परत आणली. पाच वर्षांत नियम तीनदा फिरला. नगराध्यक्षपदाचा हिशेब याहून जुना आहे: २००१ मध्ये थेट, २००६ मध्ये सदस्यांतून, २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. इंदापूरच्या नगरपरिषदेने या दोन्ही तऱ्हा पाहिल्या. पुण्यासारख्या महापालिकेत २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा आणि २०१७ ला चौघांचा. बाजार समितीत शेतकऱ्याला २०१७ मध्ये मताचा अधिकार मिळाला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये तो परत द्यायचं ठरलं.

थेट सरपंच चांगला की सदस्यांतून निवडलेला, यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हावा. माझा कल थेट निवडीकडे आहे, पण अट एक: एकदा ठरलं की तीन-चार निवडणुका त्याला हात लावू नये. पद्धत रुजायला वेळ लागतो. थेट निवडलेल्या सरपंचाने विरोधी बहुमताशी जुळवून कसं घ्यायचं हे गाव एका मुदतीत शिकतं, दुसऱ्या मुदतीत ते वापरतं. इथे पहिली मुदत पुरी होण्याआधीच नियम उलटला.

या फिरवाफिरवीचा दैनंदिन कारभारावर काय परिणाम होतो, ते पाहायचं तर ग्रामपंचायतीच्या संगणकाजवळ जाऊन उभं राहावं. वित्त आयोगाचा निधी गावाच्या खात्यात येतो, पण खर्च करायला दोन डिजिटल सह्या लागतात, एक सरपंचाची आणि एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची. सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं एक डोंगल. दोन्ही डोंगल लावल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. सरपंच बदलला की जुनी सही रद्द होते, नव्याच्या नावाने सही काढायची, तिची नोंदणी करायची, पंचायत समितीतून मंजुरी घ्यायची. तोवर गटाराचं काम पुरं झालं असलं तरी पैसे अडकून राहतात. प्रशासक आला की त्याचं डोंगल, तो गेला की पुन्हा नवं. अनेक गावांत सरपंचाचं डोंगल संगणक परिचालकाच्या खणातच पडलेलं असतं, खासकरून सरपंच महिला असेल आणि कारभार घरातला पुरुष पाहत असेल तर. ही पद्धत ज्याने आखली त्याने चोरी रोखण्याचा विचार केला होता आणि तो योग्यच होता. सही कोण करतं आणि निर्णय कोण घेतं, यातलं अंतर मात्र यंत्राला मोजता येत नाही.

आता सत्तापालटाची दुसरी बाजू. इंदापुरात १९९५ पासून २०१४ पर्यंत हर्षवर्धन पाटील आमदार होते, त्यातला बराच काळ मंत्री. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये दत्तात्रय भरणे निवडून आले. त्याआधी ते पुणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते आणि आज कृषिमंत्री आहेत. या तालुक्याने एकाच आमदाराला २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी मत दिलं. तो आमदार २०१९ च्या अखेरीस सत्तेत राज्यमंत्री झाला, जून २०२२ मध्ये विरोधी बाकावर गेला आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा सत्तेत आला. मधे इथल्या मतदाराने बटण एकदाही दाबलं नव्हतं.

याचा गावावर परिणाम होतो तो ‘पंचवीस-पंधरा’तून. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली गावात सभामंडप, अंतर्गत रस्ता, स्मशानभूमीची शेड अशी कामं मंजूर होतात आणि ती आमदारांच्या शिफारशीने मिळतात. तालुक्यातल्या कोणत्याही पारावर ‘पंचवीस-पंधरातून धरलंय’ हे वाक्य कानावर पडतं. जुलै २०२२ मध्ये नवं सरकार आल्यावर आधीच्या सरकारने १ एप्रिल २०२१ नंतर मंजूर केलेल्या, पण सुरू न झालेल्या कामांना स्थगिती दिली गेली. प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. काही स्थगित्या न्यायालयात टिकल्या नाहीत, काही पुढे सरकारनेच उठवल्या. तोवर खडीही न पसरलेला रस्ता कागदावर राहिला. सहा गठ्ठ्यांनी फाईल सापडते. ती फाईल थांबवायची की चालवायची हे वर ठरतं.

ग्रामस्पर्धांचंही असंच. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावं खरोखर हातात झाडू घेऊन उतरली. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. २०१६ मध्ये ‘स्मार्ट ग्राम’ झालं, २०२० मध्ये त्याचं आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव झालं आणि १७ सप्टेंबर २०२५ ला मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यात राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला ५ कोटींचं बक्षीस ठेवलं होतं. स्पर्धेने गाव हलतं हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक नव्या अभियानात गुणांचा तक्ता नवा असतो, नोंदवह्या नव्या, छायाचित्रं नवी. आधीच्या स्पर्धेत लावलेली झाडं जगली का, हे विचारणारा रकाना पुढच्या तक्त्यात सापडत नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहायचं तर न्यूझीलंडचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९८४ मध्ये तिथे डेव्हिड लँग यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं. रॉजर डग्लस अर्थमंत्री होते. १९८६ मध्ये सरकारी उद्योगांना कंपनीसारखं चालवण्याचा कायदा, १९८८ मध्ये स्टेट सेक्टर अॅक्ट, १९८९ मध्ये पब्लिक फायनान्स अॅक्ट असे एकामागून एक बदल झाले. खात्याचा प्रमुख आता ठरावीक मुदतीच्या करारावर, कमाल पाच वर्षांसाठी येऊ लागला. काय साध्य करायचं ते मंत्री सांगणार, कसं करायचं ते प्रमुख ठरवणार आणि निकालाला तो जबाबदार राहणार. जगभरच्या प्रशासनाच्या अभ्यासकांनी हे बदल बारकाईने अभ्यासले. आपल्याकडच्या ‘मूल्यमापन’, ‘मानांकन’, ‘निर्देशांक’ या भाषेत त्या वाऱ्याचा अंश आहे.

तिथल्या मतदाराला मात्र हे बदल न विचारता लादल्यासारखे वाटले. १९९० मध्ये सरकार बदललं तरी त्याच दिशेचं धोरण चालू राहिलं, तेव्हा लोकांनी निवडणुकीची पद्धतच बदलायला घेतली. १९९२ मध्ये कल घेणारं सार्वमत आणि १९९३ मध्ये बंधनकारक सार्वमत झालं. सुमारे ५४ टक्के मतं मिश्र प्रमाणशीर पद्धतीला पडली. १२ ऑक्टोबर १९९६ ला त्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. एका पक्षाला बहुमत मिळालं नाही आणि आघाडीची बोलणी जवळपास दोन महिने चालली. तेवढ्या काळात खाती चालू राहिली, कारण खात्याचं काम काय आणि जबाबदारी कुणाची हे कायद्यात लिहिलेलं होतं. २०११ मध्ये लोकांना पुन्हा विचारलं गेलं आणि त्यांनी तीच पद्धत कायम ठेवली. १९८८ चा तो कायदाही २०२० पर्यंत चालला.

तिथे निवडणुकीचा नियम मतदाराने बदलला आणि मग तो पाळला गेला. आपल्याकडे तो मंत्रिमंडळाच्या बैठकीत बदलतो. ग्रामसभेला आपला सरपंच कसा निवडायचा हे कुणी कधी विचारलेलं नाही.

जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या त्यामागे एक गंभीर प्रश्न होता, हे मान्य करायला हवं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणासाठी तिहेरी कसोटी सांगितली आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं. त्यासाठी बांठिया आयोग बसला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल न्यायालयापुढे आला. त्याच सुमारास सरकार बदललं, आधी वाढवलेली सदस्यसंख्या आणि केलेली गटरचना नव्या सरकारने फिरवली आणि पुन्हा याचिका झाल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पूर्वीच्या आरक्षणानुसार निवडणुका घ्या असा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा होताच. गटरचनेची फिरवाफिरवी टाळता आली असती.

या खोळंब्याची किंमत पैशातही मोजता येते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटायचं ठरलं होतं. आयोगाची अट अशी होती की रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच तो मिळावा. सदस्य नाहीत म्हणून वरच्या दोन्ही वाट्यांचे हप्ते अडकले. प्रशासकाने कार्यालय कितीही नीटनेटकं ठेवलं तरी ही अट त्याच्या हातात नव्हती.

प्रशासकांच्या काळात कामं झाली नाहीत असं नाही. काही फायली झपाट्याने सुटल्या, कारण कुणाच्या गटात किती निधी यावर भांडण नव्हतं. पण १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून जी रचना उभी राहिली तिच्यात प्रस्ताव प्रशासनाने मांडायचा आणि मंजुरी लोकप्रतिनिधींनी द्यायची होती. १ मे १९६२ ला सुरू झालेल्या जिल्हा परिषदांकडे त्यासाठी स्थायी समिती, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी अशा समित्या आहेत. साडेतीन वर्षं अंदाजपत्रक ज्यांच्या कचेरीत तयार झालं त्यांनीच ते मंजूर केलं. शिक्षण समितीच्या बैठकीत, आमच्या गटातल्या शाळेत दोन वर्षं गणिताचा शिक्षक नाही, असं उठून सांगणारा माणूस तिथे नव्हता. ही तक्रार पोर्टलवर टाकता येते. पोर्टल तिला क्रमांक देतं आणि मुदतीत ‘निकाली’ही काढतं. सभागृहात मात्र तोच प्रश्न पुढच्या महिन्यात पुन्हा विचारला जातो, आणि शिक्षक येतो तो बहुधा त्या तिसऱ्या-चौथ्या विचारण्यानंतर.

२०२६ हे वर्ष म्हणूनच फार महत्त्वाचं. न्यायालयाच्या मुदतीमुळे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका याच वर्षात आल्या. जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची मुदत याच वर्षाच्या सुरुवातीला संपली. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ ला सरतो आणि अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालच्या सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. म्हणजे सदस्य, सरपंच आणि पैशाची वाटणी हे तिन्ही जवळपास एकाच वेळी बदलण्याची ही वेळ. प्रचारात पाण्याच्या आवर्तनाबद्दल, उसाच्या दराबद्दल, औद्योगिक वसाहतीत स्थानिकांना कामाबद्दल बोललं जातं आणि ते बोललं गेलंच पाहिजे. त्यासोबत निवडून आलेल्या सदस्यांकडे एक गोष्ट मागायला हवी: प्रशासकांच्या काळात आपल्या गावासाठी मंजूर झालेल्या, रद्द झालेल्या आणि स्थगित राहिलेल्या कामांची यादी, रकमेसह, सर्वसाधारण सभेच्या पटलावर. ई-ऑफिस आणि सहा गठ्ठे खरोखर झाले असतील तर ती यादी काढायला फार वेळ लागू नये.

लोणी देवकरच्या मतदाराला त्यासाठी सर्वसाधारण सभेपर्यंत थांबायचीही गरज नाही. गावातल्या कामांचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं पुरतात, आणि मागणी ठरावात लिहून घेतली की तिचं उत्तर देणं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला भाग पडतं, मग सरपंच थेट निवडलेला असो की सदस्यांतला.